‘जा, माझं काय’ म्हणणारे सासरे आणि ठरलेली सहल

प्रश्न : ताई, मुलांना वसंतातली आठवडाभराची सुट्टी लागायला अडीच आठवडे राहिलेत. चार महिन्यांपूर्वीच आम्ही डोंगरातलं एक ठिकाण ठरवून ठेवलं होतं. गाडीने नऊ तास, पाच रात्री. मध्येच सासऱ्यांना (वय ७६) धाप लागून दाखल करावं लागलं. हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणाले. घरी येऊन चार आठवडे झाले, आता घरातल्या घरात फिरतात. नवरा म्हणतो, सगळं रद्द करू. नणंद म्हणते, ‘तुम्ही जा गं, मी आहे ना.’ ती नोकरी करते, आमच्याकडे येऊन राहील. सासऱ्यांना विचारलं तर ‘जा, माझं काय, मी मजेत आहे.’ मुलं आठ आणि चौदा वर्षांची, रोज विचारतात. तीन तासांवरचं एक तळ्याकाठचं ठिकाणही आम्ही पाहिलं होतं. बाबांना बरोबर न्यावं का, असंही मनात येतं. तिकडे जाऊन मी नुसती फोनकडे बघत बसेन, आणि काही झालंच तर आयुष्यभर मनाला लागून राहील. काय करू?
– अडकलेली सून

उत्तर : जा. पण डोंगरात नको, तळ्याकाठी जा, आणि पाचऐवजी तीन रात्री. तेही काही अटी पूर्ण झाल्या तरच, आणि त्या अटी आजच कागदावर लिहून काढा. सध्या तुमच्या घरात हा निर्णय रोज संध्याकाळी नव्याने होतोय. बाबा खोकले की रद्द, हसले की पक्का. असं अडीच आठवडे चाललं तर निघायच्या दिवशी सगळेच थकलेले असाल.

आधी बाबांच्या आजाराविषयी, कारण तुमचा निर्णय त्याच्यावर उभा आहे. पंपिंग कमी झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हे पाणी आधी वजनात दिसतं, मग पायांवर, मग श्वासात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घोट्यावर सूज डोळ्यांना दिसेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी साठलेलं असू शकतं. म्हणून ‘आज कसं वाटतंय?’ यापेक्षा वजनकाटा जास्त खरं बोलतो. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर आणि काटा कडक फरशीवर ठेवून वजन घ्यायचं. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. एका दिवसात एक-दीड किलो किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्यांच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच धरायचे.

हॉस्पिटलातून घरी आल्यावरचा पहिला महिना सगळ्यात नाजूक असतो, पुन्हा दाखल व्हायची शक्यता त्यात जास्त असते. तुम्ही निघाल तेव्हा साडेसहा आठवडे झालेले असतील. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

आता अटी. निघण्यापूर्वीच्या सात दिवसांत वजन एक किलोच्या आत स्थिर हवं. त्याच सात दिवसांत कुठल्याही गोळीचा डोस बदललेला नको, कारण बदललेल्या डोसचा परिणाम दिसायला, रक्ततपासणीत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतायत का ते यावरून कळतं) बघायला थोडे दिवस द्यावे लागतात. रात्री पूर्वीइतक्याच उशांवर झोप लागायला हवी. एक उशी वाढली, तर छातीत पाणी वाढतंय का, हे तपासून घ्यायला हवं. आणि नणंदेची तालीम झालेली हवी, त्याविषयी पुढे. यातली एकही गोष्ट जमली नाही, तर सहल पुढे ढकला. यावर वाद घालायचा नाही, म्हणूनच तर आधी लिहायचं.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. तिथे ‘आम्ही जाऊ का?’ एवढंच विचारू नका. कुठलाही डॉक्टर त्यावर ‘बघा, तब्येत तर ठीक आहे’ असंच म्हणणार. विचारा : वजन किती वाढलं की फोन करायचा? तेव्हा लघवीची गोळी वाढवायची का, आणि किती? उलट्या-जुलाब झाले तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या? रात्री फोन कुणाला? उत्तरं तिथेच लिहून घ्या. उलट्या-जुलाबांचा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, पण पोट बिघडलेलं असताना लघवीची गोळी चालूच राहिली तर अंगातलं पाणी घटतं, रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

बाबांना बरोबर न्यायचा विचार सोडा. प्रेमापोटी सुचलाय, पण अडचणीचा आहे. लघवीची गोळी घेतल्यावर पुढचे काही तास सारखं जावं लागतं. गाडीत पंचाईत नको म्हणून पेशंट ती गोळी गुपचूप टाळतात, बाहेरच्या जेवणातलं मीठ कुणाच्या हातात नसतं, आणि दोन दिवसांत धाप सुरू होते. दाखल व्हायची पाळी अशीही येते. पुढच्या वर्षी न्या.

नणंदेचं ‘मी आहे ना’ मनापासूनचं आहे, यात शंका नाही. पण तिला नेमकं काय करायचंय हे कुणी सांगितलंय का? रात्री कोण उठणार? तिची ऑफिसची वेळ असेल तेव्हा घरात कोण? तिला रजा मिळणार आहे का, की ती घरून काम करत लक्ष ठेवणार? हे समोर बसून ठरवा. सहलीच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिला राहायला बोलवा आणि त्या दोन दिवसांत तुम्ही गोळ्यांना हात लावू नका. सात खणांचा डबा तिलाच भरू दे, तुम्ही नुसतं बघा. गडबड कुठे होते ते तेव्हाच कळतं. अर्धी करायची गोळी आख्खी जाते. सकाळ-संध्याकाळच्या दोन पांढऱ्या गोळ्यांची अदलाबदल होते. आणि सगळ्यात घातक म्हणजे दाखल व्हायच्या आधीच्या जुन्या पॉवरच्या स्ट्रिप्स कपाटात तशाच पडून असतात. नवी संपली की हाताला लागेल ती जुनी सुरू होते. आज उठून ते कपाट रिकामं करा. डिस्चार्जच्या कागदाशी एकेक स्ट्रिप ताडून बघा, त्यात नसेल ती बाहेर काढून डॉक्टरांना दाखवा. परतायला उशीर झाला तर म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा.

गुडघा दुखतो म्हणून घरात पडलेली दुखण्यावरची गोळी द्यायची नाही, हेही तिला बजावून सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांकडून लिहून आणा. मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्या मापाचा चमचा आणि त्या मापाची बाटली वेगळी काढून ठेवा, म्हणजे तिला अंदाज करत बसावं लागणार नाही.

एका कागदावर मोठ्या अक्षरात : गोळ्यांची नावं, डोस, वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचे नंबर, ॲम्ब्युलन्सचा नंबर. त्याखाली दोन ओळी. पहिली, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन : वजन वाढलं, चप्पल घट्ट व्हायला लागली, रात्री खोकला, उभं राहताना चक्कर. दुसरी, लगेच ॲम्ब्युलन्स : बसल्या जागी धाप, एक वाक्यही सलग बोलता येत नाही, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, एकाएकी असंबद्ध बोलणं, गुलाबी फेसाळ थुंकी. दुसऱ्या ओळीतलं काहीही दिसलं तर आधी ॲम्ब्युलन्स, मग तुम्हाला फोन. ‘दादाला विचारते आणि मग बघते’ यात अर्धा तास जातो. तिच्या भावानेच तिला हे सांगायला हवं. दाखल करायची वेळ आली तर सही ती करेल आणि पैशांची सोय अशी असेल, हेही त्याच बैठकीत.

फोनचं म्हणाल तर दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. सकाळी आठला तिने वजनकाट्याचा फोटो पाठवायचा. नऊपर्यंत आला नाही तर तुम्ही फोन करायचा. संध्याकाळी पाच मिनिटं व्हिडिओवर बाबांशी बोला आणि बोलता बोलता त्यांचा श्वास बघा. वाक्याच्या मध्येच थांबून दम घेतायत का, हे तब्येतीच्या चौकशीपेक्षा जास्त सांगतं. एरवी निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक. फोन मुलांच्या खेळाच्या वेळेत खोलीवर ठेवायची हिंमत होत नसेल तर ठेवू नका, फक्त नणंदेच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावा आणि बाकीचा आवाज बंद करा.

रात्री दोनला फोन आलाच तर? बाबा तोवर हॉस्पिटलात पोचलेले असतील आणि पहिल्या तासांतले उपचार तुमच्यासाठी थांबत नाहीत. झोपेतून उठून घाबऱ्याघुबऱ्या गाडी काढू नका. मुलांना घेऊन थांबणार कोण, परत येणार कोण, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. त्यासाठीच तीन तासांचं ठिकाण. डोंगरात नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि नऊ तास रस्त्यावर धाकधुकीत काढणं तुमच्या नवऱ्याला झेपणार नाही.

‘मनाला लागून राहील’ असं तुम्ही लिहिलंय. ते मी पुसून टाकू शकत नाही. मात्र हेही खरं की हा आजार तुम्ही शेजारच्या खोलीत असतानाही बिघडू शकतो. त्या वेळी घरात जो असेल त्याला काय करायचं ते माहीत असणं महत्त्वाचं, तो सून असो की मुलगी.

आता बाबा. ‘जा, माझं काय’ हे उत्तर नव्हे, ती वडीलधाऱ्यांची सवय. चहाच्या वेळी, बाकी कुणी नसताना त्यांच्याजवळ बसा आणि ज्याला हो-नाही म्हणता येणार नाही असं काही विचारा. रात्री कोण जवळ असलेलं बरं वाटेल? लेकीकडून आंघोळीला मदत घ्यायला अवघडल्यासारखं होईल का? कशाची भीती वाटते? बहुतेक वेळा भीती आजाराची नसते, रात्री हाक ऐकू जाणार नाही याची असते. त्यावर पलंगाशी ठेवलेली साधी घंटा पुरते.

मुलांना खरं सांगा, वयाप्रमाणे. आठ वर्षांच्याला : ‘आजोबांचं हृदय दमतं, औषधं चालू आहेत, आत्या त्यांच्याजवळ असेल.’ चौदाच्याला अटींचा कागदच दाखवा. ‘आजोबांमुळे रद्द झालं’ हे वाक्य मात्र घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. ‘डोंगर पुढच्या खेपेला’ म्हणा.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. काढला असेल तर पॉलिसीत दोन गोष्टी बघा : ‘जवळचे नातेवाईक’ यात सासरे येतात का, आणि आधीपासूनचा आजार वगळलाय का. आजार माहीत झाल्यावर आज काढलेली पॉलिसी बहुधा त्या आजारासाठी उपयोगाची नसते. दावा करायचा तर डॉक्टरांचं पत्र लागेल.

नणंदेच्या सुट्टीचे तीन दिवस जाणार आहेत. ते तिला परत कधी मिळणार, त्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर आत्ताच टाका आणि तिला कळवा. त्या दिवसांत बाबांकडे तुम्ही दोघं.

आणि डोंगरातलं बुकिंग पैसे न कापता रद्द करायची शेवटची तारीख कुठली आहे ते आज रात्रीच बघा. बहुधा ती सुट्टीच्या बरीच आधी असते.