बेडूक पाण्याखाली श्वास कसा घेतो? त्याला माशासारखे कल्ले असतात का?

नसतात. कल्ले बेडूकमाशाला, वाढलेल्या बेडकाला नाही. पाण्याखाली तो कातडीनं भागवतो. खरं तर उत्तर इथंच संपतं, पण या विषयावर आमच्या घरात ३२ वर्षं भांडण चालू आहे.

मी चौथीत होतो, दादा आठवीत. मे महिन्यात गगनबावडा रोडला मामाच्या विहिरीचा गाळ काढणं चाललेलं. गाळाच्या पाटीतून हा एवढा पिवळट बेडूक निघाला. मला तो घरी न्यायचा होता. दादानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला खिळ्यानं बारा-पंधरा भोकं पाडली आणि "सर्दी हुईल त्याला" म्हणून आत वखारीतला कोरडा भुसा अंथरला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर बेडूक वाळक्या चामड्यासारखा कडक. दादाचा निकाल तयारच होता : "ह्यानं झाकण गच्च लावलं, गुदमारलं बिचारं." आजीचा धपाटा मला बसला. तेव्हापासून कुठल्याही कार्यात पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी आली की दादा हा किस्सा काढतोच.

आता ऐका. बेडकाला बरगड्या नसतात, छातीखालचा पडदाही नसतो, त्यामुळं आपल्यासारखी छाती फुगवून हवा ओढणं त्याला जमत नाही. त्याच्या घशाखालचं कातडं सारखं लपलपत असतं ना, तो पंप आहे. तोंडाचा तळ खाली गेला की नाकपुड्यांतून हवा आत येते. मग नाकपुड्या मिटतात, तळ वर येतो आणि हवा फुफ्फुसात ढकलली जाते. हे सगळं तोंड मिटून.

पण त्याची निम्मी गंमत कातडीत आहे. ती पातळ, चिकट, आणि खाली केशवाहिन्यांचं दाट जाळं. फुफ्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीचीच एक फांदी कातडीकडं वळते. ऑक्सिजन आधी कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो, मग रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइड तर बहुतेक इथूनच बाहेर पडतो. पाणीसुद्धा बेडूक तोंडानं पीत नाही, कातडीनंच शोषतो. म्हणजे कोरड्या भुशात ठेवलेल्या बेडकाचं श्वास आणि पाणी दोन्ही एकदम तोडलं. भोकं पाडून काय उपयोग?

थंड पाण्यात गप्प बसलेला बेडूक नुसत्या कातडीवर बराच वेळ काढतो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि बेडकाची गरज वाढते, मग नाक वर काढावंच लागतं. अशा पाण्याखाली कोंडून ठेवला तर बेडूकसुद्धा बुडून मरतो.

बोर्निओतल्या एका चपट्या डोक्याच्या बेडकाला फुफ्फुसंच नाहीत असं २००८ साली जाहीर झालं होतं. २०२४ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅन केलं तर बारकी फुफ्फुसं सापडली. १६ वर्षांत शास्त्रानं आपली चूक दुरुस्त केली. आमच्या दादाला ३२ पुरली नाहीत.

घरी बेडूकमासे पाळणार असाल तर पाय फुटायला लागले की भांड्यात तिरका दगड ठेवा. कल्ले जिरतात, फुफ्फुसं कामाला लागतात, आणि वर चढायला जागा नसेल तर पिल्लं बुडतात. उसात तणनाशक मारून आलेल्या हातानं तर बेडकाला अजिबात धरू नका, ते थेट आत जातं.

एक सांगायचं राहिलं. भेकाची, म्हणजे तो खरखरीत अंगाचा जमिनीवरचा बेडूक असतो ना, त्याची कातडी जाड, त्याचा भर फुफ्फुसांवर जास्त. तो कदाचित तगला असता. आमचा बेडूक श्वासाआधी पाण्यावाचूनच गेला असेल, शिवाय पत्रा तापलेला होता. तरी कातडी वाळली की श्वासही तुटतोच, म्हणजे "गुदमरला" हे अगदीच खोटं नाही. झाकण मी लावलं होतं, गच्चही लावलं होतं.

पण दादा, भुसा तुझा होता.