सगळं घर बागेत, आणि दुपारी दोनला भांडण

या वेळी टपालात बागेचेच प्रश्न जास्त होते, सुट्ट्यांचे दिवस आहेत म्हणून असेल. जमतील तेवढे घेतलेत.

प्रश्न: आम्ही सहा जण, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलं, मोठी सात वर्षांची आणि धाकटा दोनचा. अधूनमधून सुट्टीला शहरातल्या मोठ्या बागेत दिवसभरासाठी जातो. सकाळी सगळे एकदम खुशीत असतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला बघाल तर धाकटा भोकाड पसरून बसलेला, सासूबाई गप्प, नवरा म्हणतो घरी झोपलो असतो तर बरं झालं असतं. मी पहाटे उठून सगळ्यांचे डबे करते, तरी हे असं का होतं?

उत्तर: डब्यांना काही म्हणू नका हो, घोळ वेळेचा आहे आणि बसायच्या जागेचा आहे. बागेतला दिवस किती लांबवायचा हे घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस ठरवतं, मधल्यांनी फक्त पिशव्या उचलायच्या. दोन वर्षांचं पोर घरी असतं तर दुपारी एकला झोपलं असतं ना, मग बागेत ते दोनला हट्ट करत नाहीये, ते झोपेला आलंय आणि आजूबाजूला एवढी गंमत चाललीये की त्याला झोपता येत नाहीये. त्यामुळे एक तर बाग उघडायच्या वेळेला पोहोचा आणि साडेबाराला जेवून सरळ निघा, नाहीतर दुपार घरीच काढा आणि चारनंतर जा. दिवसभर म्हणजे दिवसभरच असं काही कुणी लिहून दिलेलं नाही. आणि अर्ध्या दिवसाची ट्रिप ही खरं तर जास्त मजेची होते असं माझं ठाम मत आहे.

आता जागा. पोचल्या पोचल्या आपण काय करतो, जिथे गार सावली दिसेल तिथे चटई अंथरतो. पण सकाळी झाडाची सावली पश्चिमेकडे पडलेली असते आणि ऊन चढेल तशी ती आखडत बुंध्याकडे येते, म्हणजे नऊला अंथरलेली चटई अकरापर्यंत निम्मी उन्हात, मग उचला डबे, उचला पिशव्या, आजींना उठवा, परत बसवा, आणि हे दोनदा झालं की कुणाचाही मूड जाणारच. म्हणून ज्याच्या फांद्या चहूबाजूंनी लांब पसरल्यात असं दाट झाड बघायचं आणि पहिल्यापासूनच बुंध्याच्या जवळ बसायचं, दुपारनंतर थांबणार असाल तर फक्त बुंध्याला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला सरकायचं, झालं. बसायच्या आधी एकदा वर बघा, वाळकी फांदी लोंबत नाही ना, आणि खाली मुंग्यांचं वारूळ नाही ना. बरं, तंबू किंवा मोठी छत्री नेतो आम्ही असं काही जण म्हणतात, न्या की, पण झाडाखाली जास्त गार वाटतं त्याला कारण आहे, पानांतून पाणी बाहेर पडत असतं आणि त्याची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते, कापड ते करत नाही.

सासूबाई गप्प होतात म्हणालात, तर एकदा बघा की टॉयलेट किती लांब आहे. बऱ्याच वयस्कर बायका टॉयलेट लांब असलं की पाणीच पीत नाहीत आणि मग दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं, सांगत मात्र नाहीत. आणि जमिनीवर बसून परत उठणं हा त्यांच्यासाठी व्यायामच आहे, त्यामुळे चटई अशा ठिकाणी टाका की शेजारी पाठ टेकायला आणि हाताला आधार असलेला बाक असेल.

डब्यांचं एकच सांगते. शिजवलेलं अन्न आणि दूध-दह्याचं काहीही दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एक तासच. पहाटे केलेला डबा एकला उघडायचा म्हणजे विचार करा. रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी त्याच डब्यांभोवती पिशवीत रचा, अन्नही गार राहतं आणि वितळेल तसं प्यायला थंड पाणी. नाहीतर कोरडं, टिकणारं न्या आणि पहाटे झोप काढा, तुमचा अर्धा चिडचिडेपणा तिथेच जाईल.

प्रश्न: माझे वडील नातवाला (वय दीड वर्ष) मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतात. मला भीती वाटते पण ते म्हणतात मी धरलंय ना घट्ट. मी उगाच घाबरते का?

उत्तर: नाही, अजिबात उगाच नाही, आणि आजोबांना हे नीट समजावून सांगा कारण ते प्रेमापोटीच करतायत. होतं काय, की खाली येताना पोराच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला किंवा पत्र्याला चिकटतो. एकटं असतं तर ते तिथेच अडकून थांबलं असतं, पण मागे मोठ्या माणसाचं वजन असतं ते थांबत नाही, पाय मागे राहतो, अंग पुढे जातं आणि गुडघ्याखालचं हाड पिळवटून मोडतं. घट्ट धरल्याने यातलं काहीच टळत नाही. बुटक्या घसरगुंडीवर त्याला एकट्याला बसवा आणि आजोबांनी बाजूला उभं राहून हात धरावा. आणि बसवायच्या आधी पृष्ठभागाला हाताची मागची बाजू लावून बघा, धातूचा पत्रा तर तापतोच पण प्लॅस्टिक आणि खालचं रबरी फ्लोअरिंगसुद्धा उन्हात भाजण्याइतकं तापतं, आपल्याला बुटातून कळत नाही एवढंच.

प्रश्न: गर्दीत मूल हरवलं तर? मुलगी पाच वर्षांची आहे, एका जागी थांबतच नाही.

उत्तर: गेटमधून आत शिरतानाच तिचा एक पूर्ण उभा फोटो काढा. हरवल्यावर भल्याभल्यांना आठवत नाही आज कुठला फ्रॉक घातलाय ते. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने तुमचा फोन नंबर लिहा, नाव मात्र कपड्यांवर किंवा बॅगेवर बाहेरून दिसेल असं नको, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलांना तो ओळखीचाच वाटतो. तिला शिकवायचं ते थोडंसंच: आई दिसली नाही की जागेवर उभं राहायचं आणि जोरात हाक मारायची, कुणाला विचारायचंच तर बरोबर मुलं असलेल्या बाईला किंवा युनिफॉर्ममधल्या माणसाला. आणि खरंच दिसेनाशी झाली तर पहिल्यांदा तळं, कारंजं, हौद, जिथे पाणी आहे तिथे धावा, एकाने गेटवर, एकाने चटईपाशी थांबायचं. झोपाळ्यांकडे नंतर बघा, तिथे असली तर सुखरूपच आहे.

प्रश्न: बागेतल्या चालायच्या वाटेवर सायकलवाले सुसाट येतात. आम्ही बोललो तर म्हणतात बाग सगळ्यांची आहे.

उत्तर: सगळ्यांची आहे म्हणूनच वाटा वेगळ्या लागतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ साली दिला, त्या बागेत चालणाऱ्यांच्या, घोडेस्वारांच्या आणि बग्ग्यांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि शहरातून आरपार जाणारी वाहतूक तर खोलगट रस्त्यांमधून खालून काढली. तेव्हा सायकली आत्तासारख्या नव्हत्या, पण प्रश्न हाच होता. सायकलवाल्याशी वाद घालून रविवार घालवण्यापेक्षा बागेच्या ऑफिसला लेखी द्या, कुठल्या वळणावर आणि किती वाजता ते स्पष्ट लिहा, आणि चार घरांच्या सह्या घ्या. तोवर लहान मुलांना वाटेच्या आतल्या बाजूने, गवताकडून चालवा.

प्रश्न: ढगाळ दिवस असेल तरी सनस्क्रीन लावायचं का? बाळ पाच महिन्यांचं आहे.

उत्तर: तुम्हाला हो, ढगांमधून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात, दर दोन तासांनी परत लावा. बाळाला नको, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी सावली, टोपी आणि पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे. ऊन असेल तेव्हा सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे असं समजायचं आणि बाळाला घेऊन आत व्हायचं.

प्रश्न: तळ्यातल्या बदकांना ब्रेड घालायला मुलांना फार आवडतं, त्यात काय वाईट?

उत्तर: ब्रेडने बदकांचं पोट भरतं पण पोषण होत नाही, उरलेला पाण्यात कुजून शेवाळ वाढतं आणि उंदीर येतात ते वेगळंच. परवानगी असेल तर मूठभर मक्याचे दाणे किंवा ओट्स न्या, आणि पाटी लावली असेल नका घालू म्हणून, तर नुसती मोजायला सांगा मुलांना, नर किती माद्या किती. वेळ छान जातो.