हळदीच्या धंद्यात पुढच्या दहा वर्षांचं बघ
भावा, सांगलीच्या यार्डात भाव चढला की पावडरीत हलका माल मिसळायचा असलं काय करू नकोस, या सीझनला चार पैसे सुटतील पण गिऱ्हाईक परत फिरकायचं नाय. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव सगळ्यांचं आहे. आपल्या जिल्ह्यातलंच बघ की, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, तरी त्यांनी धीर धरला, १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबर अख्खी किर्लोस्करवाडी वसवली! तू पण पहिल्या नफ्यातून गाडी घेऊ नकोस, आधी पॉलिशचं मशीन बघ, आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचे पैसे, वेळेत चुकती कर, टंचाईच्या वर्षी तोच शेतकरी माल घेऊन आधी तुझ्याकडं येतो.