ओढ्यातला छोटा मासा नेमका कुठे राहतो हे टॅग लावून कसं कळतं?

बारक्या माशांना बहुतेक पिट टॅग लावतात, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, साधारण 12 मिमी, आत चिप आणि कॉइल, बॅटरी नसतेच म्हणून वर्षानुवर्षं चालतो. माशाला भूल देऊन सुईने पोटात सोडतात, ओढ्यात अँटेना लावतात, मासा जवळून गेला की त्याचा नंबर आणि वेळ नोंदली जाते. अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टन राज्यांकडे कोहो जातीच्या सामन माशाची पिल्लं हिवाळ्यात पुराचा जोर वाढला की मुख्य प्रवाह सोडून बाजूच्या डबक्यांत शिरतात, ती ये-जा अशीच टिपतात. गोची म्हणजे रेंज फारच कमी, त्यामुळे मासा कुठल्या दगडाखाली बसलाय ते बघायला काठीवरची अँटेना घेऊन पाण्यात उतरावंच लागतं. रेडिओ टॅग लांबून सापडतो, पण बॅटरीचं वजन बोटभर पिल्लाला कसलं झेपतंय!