हाइन्झ फेल्फे: हिटलरच्या पोरांमधून आलेला, केजीबीला विकला गेलेला

तुम्ही विचारलंय की नाझींच्या युवक संघटनेत घडलेली माणसं युद्ध संपल्यावर पाच-सहा वर्षांत पुन्हा हेरखात्यात कशी काय बसली, त्यांना घेणाऱ्यांना त्यांचा इतिहास माहीत नव्हता का. एकांनी तुम्हाला असंही सांगितलंय की सगळे कागद जळाले होते, कोण कोण होतं ते कळायला मार्गच नव्हता. हे मला अजिबात पटत नाही. माहीत होतं, चांगलं माहीत होतं, किंबहुना माहीत होतं म्हणूनच घेतलं. एकाच माणसाची गोष्ट नीट सांगतो म्हणजे लक्षात येईल.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही ज्याचं नाव घेतलंत तो आर्टुर आक्समान, हिटलर यूथचा (म्हणजे नाझींच्या युवक संघटनेचा) शेवटचा प्रमुख, तो हेर झाला नाही. पूर्वेच्या आघाडीवर त्याचा एक हात गेला होता, शेवटी बर्लिनच्या बंकरमध्ये होता, तिथून निसटला आणि डिसेंबर १९४५ मध्ये ल्युबेकला पकडला गेला. जुन्या साथीदारांना घेऊन गुप्त संघटना उभी करायच्या खटपटीत होता, पण अमेरिकन आर्मीच्या गुप्तचरांनी आत माणूस पेरून ती मोडून काढली. त्याचं प्रकरण तिथेच संपलं. खरी गोष्ट त्याच्या हाताखालच्या पिढीची आहे, आणि त्यातला सगळ्यात महाग पडलेला माणूस म्हणजे हाइन्झ फेल्फे.

फेल्फे १९१८ चा, ड्रेस्डेनचा, वडील पोलिसात. हा काही मोठा युवक नेता वगैरे नव्हता, पण १९३१ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या दोन वर्षं आधी, तेरा वर्षांचा असताना तो नाझींच्या विद्यार्थी संघटनेत गेला होता. अठराव्या वर्षी एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलात. मग गुन्हे शाखेचा पोलीस, मग १९४३ मध्ये बर्लिनला एसडीच्या (एसएसचं हेरखातं) परदेशी हेरगिरीच्या विभागात, तिथे त्याच्याकडे स्वित्झर्लंडचं काम. म्हणजे पंचवीस वर्षांचा होईपर्यंत या पोराने नाझी चौकटीबाहेरचं जग मोठा माणूस म्हणून पाहिलंच नव्हतं. शेवटी हॉलंडला होता, तिथे ब्रिटिशांच्या हाती लागला आणि १९४६ च्या शेवटी सुटला.

सुटल्यावर वर्षभराच्या आत तो ब्रिटिशांच्याच परदेशी हेरखात्यासाठी, एमआय सिक्ससाठी, काम करायला लागला. बॉन विद्यापीठात नाव घालायचं आणि कम्युनिस्ट विद्यार्थी काय करतात ते कळवायचं. त्यांनी त्याला १९५० मध्ये काढून टाकलं कारण हा माणूस माहिती आणखी कुठेकुठे विकतोय असा संशय आला. हा संशय तेव्हाच कागदावर होता हे लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. जनरल राइनहार्ड गेहलेन हा हिटलरच्या सैन्यात सोव्हिएत आघाडीची माहिती गोळा करणाऱ्या खात्याचा प्रमुख होता. हरणार हे दिसल्यावर त्याने आपल्या फायली पेट्यांत भरून बव्हेरियाच्या डोंगरात पुरल्या, अमेरिकनांना शरण गेला आणि त्या फायलींच्या जोरावर सौदा केला. १९४६ पासून अमेरिकन आर्मीच्या पैशावर, १९४९ पासून सीआयएच्या पैशावर त्याची संघटना चालायला लागली, मुख्यालय म्युनिकजवळ पुलाखला, आणि तीच १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीचं अधिकृत हेरखातं बनली, बीएनडी. या संघटनेत भरती कशी व्हायची तर ओळखीवर. अर्ज नाही, परीक्षा नाही. 'हा आपला माणूस आहे, आम्ही एका युनिटात होतो' एवढं पुरे. आपल्याकडे सहकारी संस्थेत पाहुण्यारावळ्यांची भरती होते ना, अगदी तसंच, फक्त इथे नातं एसएसचं.

त्या साखळीत हान्स क्लेमेन्स नावाचा माणूस होता, हाही ड्रेस्डेनचाच. हा कोण ते सांगतो, कारण फेल्फेच्या गोष्टी रंगवून सांगणारे लोक याच्यावरून पटकन पुढे जातात. क्लेमेन्स युद्धात ड्रेस्डेनच्या गेस्टापोत, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांत होता. तिथल्या एका ज्यू प्राध्यापकाने जिवावर उदार होऊन रोज डायरी लिहिली, त्यात गेस्टापोची घराची झडती पुन्हा पुन्हा येते. झडतीला दोघंजण यायचे. त्यांची नावंच लोकांनी पाडली होती, एक 'थुंकणारा' आणि दुसरा 'मारणारा'. मारणारा म्हणजे हा क्लेमेन्स. म्हाताऱ्या बायकांनाही मारायचा. मी ती पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा हा तोच क्लेमेन्स हे मला माहीत नव्हतं, नंतर कळलं तेव्हा पुस्तक काढून परत वाचलं आणि त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

तर हा क्लेमेन्स युद्धानंतर कफल्लक, बायको ड्रेस्डेनला सोव्हिएत भागात. तिच्यामार्फत सोव्हिएत हेरखात्याने, केजीबीने (तेव्हा नाव वेगळं होतं, पण आपण केजीबीच म्हणू) त्याला १९५० मध्ये गाठलं आणि काम दिलं: गेहलेनच्या संघटनेत शीर आणि आपले जुने दोस्त आत घे. तो शिरला. मग त्याने फेल्फेला पुढे केलं. फेल्फे सप्टेंबर १९५१ मध्ये बर्लिनला जाऊन सोव्हिएत अधिकाऱ्यांना भेटला आणि नोव्हेंबरमध्ये गेहलेनच्या कार्ल्सरुहेच्या ऑफिसात कामावर रुजू झाला. त्याला आत घेणारा विल्हेल्म क्रिखबाउम स्वतः हिटलरच्या लष्करी गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेला. म्हणजे बघा, घेणाऱ्याचा भूतकाळ तोच, शिफारस करणाऱ्याचा तोच, येणाऱ्याचा तोच. कोण कोणाला विचारणार की बाबा रे तू तेव्हा काय करत होतास? आणि नेमकी हीच फट केजीबीने हेरली. या लोकांना लपवायला काहीतरी आहे, पैसा नाही, आणि एकमेकांवर आंधळा विश्वास आहे, तिन्ही गोष्टी एका ठिकाणी.

फेल्फे स्वतः म्हणायचा की अँग्लो-अमेरिकन विमानांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये माझं ड्रेस्डेन बेचिराख केलं त्याचा राग म्हणून मी हे केलं. राग असेलही, शहर खरंच जळालं, हजारो माणसं गेली. पण त्याच ब्रिटिशांचा पगार त्याने तीन वर्षं घेतलाच की. माझं मत विचाराल तर पैसा हे एक कारण आणि 'मी सगळ्यांपेक्षा हुशार' ही नशा हे दुसरं.

१९५३ मध्ये तो पुलाखच्या मुख्यालयात आला आणि दोन-तीन वर्षांत सोव्हिएत हेरांना पकडायच्या विभागाचा प्रमुख झाला. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. त्याची बढती व्हावी म्हणून केजीबी त्याला मुद्दाम माहिती पुरवायची, काही खरी, काही कामाची, आणि आपले लहानसहान एजंट सुद्धा बळी द्यायची, म्हणजे वरचे साहेब म्हणणार वा फेल्फे वा. पूर्व बर्लिनमध्ये कार्ल्सहोर्स्ट नावाच्या वस्तीत केजीबीचं मोठं ठाणं होतं. फेल्फेने त्याचे तपशीलवार आराखडे जमवले, कुठल्या इमारतीत कोण, कुठल्या खोलीत कोणता अधिकारी. अमेरिकनांना असं काही कुठूनच मिळत नव्हतं, ते भारावून गेले. एवढं बारीक चित्र एकट्या फेल्फेकडेच कसं येतं हा प्रश्न बरीच वर्षं कोणी जोरात विचारलाच नाही. १९५६ मध्ये तर बीएनडीच्या शिष्टमंडळाबरोबर तो अमेरिकेला जाऊन आला, सीआयएच्या लोकांना भेटून.

तिथेच पाय अडकला. पोलंडच्या हेरखात्यातला मिखाइल गोलेनिएव्स्की नाव न सांगता अमेरिकनांना पत्रं पाठवायचा, त्याने कळवलं की केजीबीवाले फुशारकी मारतात, १९५६ ला अमेरिकेला गेलेल्या त्या सहा जर्मनांपैकी दोघं आमचे. मग यादी काढली, चाळणी लावली, फेल्फेचं बव्हेरियातलं डोंगराकडचं घर त्याच्या पगारात बसत नाही हेही डोळ्यावर आलं. जानेवारी १९६१ मध्ये गोलेनिएव्स्की स्वतःच पळून आला आणि ६ नोव्हेंबर १९६१ ला फेल्फेला पुलाखच्या ऑफिसातच अटक झाली. त्याच्या काही आठवडे आधी केजीबीने त्याला आणि क्लेमेन्सला दहा वर्षांच्या सेवेबद्दल बक्षिसाची रक्कम आणि प्रमुखांचं कौतुकपत्र दिलं होतं.

खटल्यात निघालेला आकडा असा: पंधरा हजारांहून जास्त फोटो आणि ध्वनिफितींची वीस रिळं पलीकडे गेली होती. छोट्या मिनॉक्स कॅमेऱ्याने, ऑफिसात, एकेक कागद पुढ्यात घेऊन काढलेले फोटो. दहा वर्षांत पंधरा हजार म्हणजे सुट्ट्या धरूनसुद्धा रोजचे चार. नोकरीच होती ती त्याची. आणि त्या फोटोंत पूर्वेकडे बीएनडीसाठी काम करणाऱ्या माणसांची नावं होती, साधी माणसं, रेल्वेतला कारकून, कारखान्यातला फोरमन असली. ती पकडली गेली, त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. १९६३ मध्ये फेल्फेला चौदा वर्षं, क्लेमेन्सला दहा आणि त्यांचा ड्रेस्डेनचाच तिसरा दोस्त एर्विन टीबेल, जो निरोप्या होता, त्याला तीन.

क्लाउस बार्बीबद्दलही विचारलंय म्हणून थोडक्यात. तोही १९३३ ला हिटलर यूथमध्ये, मग एसडी, मग फ्रान्समधल्या लिओं शहराचा गेस्टापो. इझ्यू गावच्या आश्रमातली ४४ ज्यू मुलं ६ एप्रिल १९४४ ला त्याच्या हुकमाने उचलली. १९४७ मध्ये अमेरिकन आर्मीच्या गुप्तचर शाखेने, सीआयसीने, त्याला पगारावर ठेवलं, फ्रान्स मागत होता तरी लपवला आणि १९५१ ला बोलिव्हियाला पाठवून दिला. पुढे १९६६ मध्ये बीएनडीनेही काही महिने त्याला एजंट ठेवलं. १९८३ मध्ये अमेरिकेने चौकशी करून फ्रान्सची माफी मागितली, १९८७ ला त्याला जन्मठेप झाली. तिथेही कागद जळाले नव्हते, कागद टेबलावर होते.

फेल्फेने शिक्षा पूर्ण भोगली नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये हेर्लेसहाउझेनच्या सीमेवर त्याला पलीकडे पूर्व जर्मनीत सोडलं आणि बदल्यात २१ कैदी इकडे आले, त्यात हायडेलबर्गचे तीन विद्यार्थी होते. एकाला एकवीस, असा भाव. पूर्व बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात तो गुन्हे तपास शिकवणारा प्राध्यापक झाला, आठवणी लिहिल्या, आणि २००८ मध्ये नव्वदाव्या वर्षी बर्लिनमध्येच गेला.

पुढच्या महिन्यात लेकीकडे म्युनिकला चाललाय म्हणालात, तर एस-बानने (तिथली लोकल) पुलाखला जाऊन या, अर्ध्या तासाचं काम. मी तिथे नोकरीला होतो तेव्हा रविवारी इसार नदीच्या काठाने चालत जायचो. रस्त्याच्या कडेने ती लांब भिंत लागते, आत जाऊ देत नाहीत, बाहेरून झाडांचे शेंडे तेवढे दिसतात.