ट्रायल संपली, पण इजा कधी सुरू झाली?

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातले. वडील ५८ वर्षांचे, शेतकरी, बारा वर्षांपासून मधुमेह. २०२३ मध्ये ते एका खासगी रुग्णालयात मधुमेहाच्या नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये (माणसांवरच्या चाचणीत) होते. सहा महिन्यांनी ट्रायल संपली. त्यानंतर वर्षभराने त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक, ३.४ आलं. डॉक्टर म्हणतात, ‘ट्रायल कधीच संपली, आणि शुगरवाल्यांची किडनी जातेच.’ वर पंधरा हजार देतो, एका कागदावर सही करा, असंही म्हणाले. आमचा काही हक्क आहे का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे, की त्या कागदावर वडिलांनी सही करू नये. ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेण्यासाठी कुणी पैसे देऊ करतं, तेव्हा विचारावंच लागतं की तक्रारीची धास्ती का वाटतेय.

तुमच्या वडिलांना २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा खर्च ट्रायल करवणाऱ्या कंपनीचा. मोफत उपचार कधी थांबतात? ट्रायलच्या डॉक्टरांच्या मते गरज संपली की, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध झालं की. ओपीडीत उभ्याउभ्या ‘संबंध नाही’ म्हटल्याने ते सिद्ध होत नाही.

आता अडचण. नियमांत शब्द आहेत, ट्रायलच्या काळात झालेली इजा. कंपनी यावरच बोट ठेवणार. म्हणून रिपोर्ट आज किती आला यापेक्षा किडनीचं नुकसान सुरू कधी झालं, यावर तुमची केस उभी आहे. आणि त्याचं उत्तर त्यांच्याच कपाटात आहे. अशा ट्रायलमध्ये घेण्यापूर्वी साधारणपणे किडनी तपासतात, आणि ती बिघडलेली असेल तर बहुधा घेतच नाहीत. नंतरही दर व्हिजिटला रक्त घेतात. समजा, पहिल्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.० होतं आणि शेवटच्या व्हिजिटला १.८. मग ‘शुगरवाल्यांची किडनी जातेच’ हे वाक्य तिथेच लंगडं पडतं. इतकंच नव्हे, क्रिएटिनिन अमुक एवढं वाढलं तर गोळी बंद करा असं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असेल आणि गोळी चालूच ठेवली असेल, तर प्रोटोकॉलचं उल्लंघन हेसुद्धा भरपाईचं स्वतंत्र कारण आहे. उलट शेवटपर्यंत आकडा एकसारखा असेल तर केस अवघड आहे, हेही मोकळेपणाने सांगते. वडिलांना खरी गोळी मिळत होती की दिसायला तशीच पण औषध नसलेली, हेही लेखी विचारा.

त्यांना दिलेली माहितीपत्रिका आणि सही केलेलं संमतीपत्र घरात शोधा. त्याची प्रत रुग्णाला देणं बंधनकारक आहे, आणि मजकूर त्यांना समजेल अशा भाषेत हवा. मराठी वाचणाऱ्या माणसाची इंग्रजी कागदावर सही घेतली असेल तर तो मुद्दा मोठा आहे. त्या संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव भरलेलं दिसेल. गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो, हे गृहीत धरूनच तो रकाना आहे. रक्कम नियमांच्या सातव्या परिशिष्टातल्या सूत्रांनी ठरते. कायमच्या अपंगत्वात अपंगत्वाची टक्केवारी धरली जाते. पंधरा हजार हा आकडा त्या सूत्रातून आलेला नाही.

या आठवड्यात रुग्णालयाला पोच घेऊन अर्ज द्या : संमतीपत्र, सर्व व्हिजिटचे लॅब रिपोर्ट आणि केसपेपर हवेत. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागणी आल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. नोंदी मात्र कायम जपल्या जात नाहीत, म्हणून उशीर नको. दुसरा अर्ज एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, द्या. तिचा पत्ता माहितीपत्रिकेत असतो. तिसरा अर्ज दिल्लीच्या औषध महानियंत्रकांना. भरपाईचा आदेश तेच देतात, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला पैसे भरावे लागतात.

वडिलांना ज्यांच्याकडे दाखवता त्या किडनीच्या डॉक्टरांकडून, औषधाचा संबंध असू शकतो का, एवढं एक वाक्य लेखी घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ती तारखेनुसार आत्ताच तपासून घ्या. आणि कुठेही मूळ फाईल देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या.