आमिश, हटराइट आणि समाईक मालमत्ता

आमिश आणि हटराइट या ख्रिस्ती पंथांबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आमिश लोकांत खासगी मालमत्ता नसते का, हटराइट म्हणजे तेच का, आणि सगळं समाईक ठेवून हे लोक पाचशे वर्षं भांडणतंटा न होता कसे टिकले. आमिशांत खासगी मालमत्ता असते, आणि हटराइट हा वेगळा पंथ आहे. तिसऱ्या प्रश्नातली 'पाचशे वर्षं' आणि 'भांडणतंटा न होता' ही दोन्ही गृहीतकं मात्र काढून टाकावी लागतील.

दोघांचं मूळ एकच, स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर. तान्ह्या बाळांचा आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये घेण्याचा विधी, झालाच पाहिजे, असा हुकूम तिथल्या नगर परिषदेने काढला आणि लगेच, २१ जानेवारी १५२५ला, हे न पटणाऱ्या फेलिक्स मान्झच्या घरी त्याचा साथीदार कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉक या प्रौढ माणसाला बाप्तिस्मा दिला. एवढ्यावरून जीव घेण्यासारखं काय होतं? होतं ते असं, की त्या काळी गावात जन्मलेला प्रत्येक जण आपोआप चर्चचाही होता. 'चर्चमध्ये यायचं की नाही हे मोठेपणी ज्याचं त्याने ठरवावं, शपथ घेऊ नये, शस्त्र धरू नये' असं म्हणणारा माणूस राज्याच्या मुळावरच घाव घालत होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्ताधाऱ्यांचं एकमत झालं ते याच लोकांना संपवण्यावर. जानेवारी १५२७मध्ये मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं.

पुढे १५३४-३५ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात यांच्यातल्याच एका कडव्या गटाने सत्ता बळकावली, तलवारीच्या धाकाने मालमत्ता समाईक केली, बहुपत्नीत्व आणलं. शहर पडल्यावर पुढाऱ्यांची प्रेतं पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत. या बदनामीनंतर उरलेल्या शांततावाद्यांना मेनो सायमन्स या माजी कॅथलिक धर्मगुरूने बांधून ठेवलं, ते मेनोनाइट. आमिश निघाले त्याच्याही बऱ्याच नंतर, १६९३मध्ये, याकोब आम्मानने चुकलेल्या सदस्यांवर किती कडक बहिष्कार टाकायचा यावरून फारकत घेतली तेव्हा. आमिश शेतकऱ्याचं शेत त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. कुणाचं कोठार जळालं तर सगळा समाज जमून ते उभं करून देतो, पण कोठार त्याचंच राहतं.

खरी समाईक मालमत्ता हटराइटांची. १५२८ साली मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) निकोल्सबुर्गहून सुमारे दोनशे प्रौढ मुलाबाळांसह बाहेर पडले. वाटेत त्यांनी जमिनीवर एक झगा अंथरला आणि प्रत्येकाने जवळ होतं नव्हतं ते त्यावर टाकलं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातले पहिले ख्रिस्ती असेच राहत, हा त्यांचा आधार. १५३३मध्ये आलेल्या याकोब हुटरने घडी नीट बसवली. १५३६मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला त्याला जिवंत जाळलं. हटराइट हे नाव त्याच्यावरूनच.

ही व्यवस्था नंतर दोनदा मोडली, हे फारसं कुणी सांगत नाही. १६२२मध्ये मोराव्हियातून हाकलल्यावर लढाया, लूट आणि धर्मांतराच्या दडपणाखाली सतराव्या शतकाच्या अखेरीस लोक वेगळे संसार करू लागले. ती पुन्हा उभी केली ती मूळच्यांनी नव्हे, तर ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या राजवटीत हद्दपार होऊन ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) आलेल्या ऑस्ट्रियातल्याच कॅरिंथियाच्या ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांनी. आजची हॉफर, क्लाइनझासर ही आडनावं त्यांचीच. पुढे हे लोक रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये, गेले. तिथे १८१९च्या सुमारास ही व्यवस्था आतल्या कुरबुरींनीच पुन्हा मोडली. १८५९मध्ये मिखाएल वाल्डनर नावाच्या लोहाराने परत सुरू केली. सक्तीची लष्करभरती आल्यावर १८७४पासून सगळे अमेरिकेत डकोटाला गेले. तिथेही सुमारे बाराशेंपैकी चारशेच जण समाईक मालमत्तेच्या वसाहतींत राहिले, बाकीच्यांनी आपापली शेतं घेतली. आजचे जवळपास ५० हजार हटराइट त्या चारशेंतून वाढलेले, बहुतेक कॅनडात. कॅनडाला जायचं कारण पहिलं महायुद्ध: लष्करी गणवेश नाकारणारे योसेफ आणि मिखाएल हॉफर हे भाऊ १९१८मध्ये अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या छळानंतर मरण पावले.

आता टिकण्याचं म्हणाल, तर माझ्या मते श्रद्धेइतकाच व्यवस्थेचा भाग मोठा आहे. समाईक म्हटलं की आपल्याकडे पुढच्याच पिढीत भाऊबंदकी आणि कोर्टकचेरी सुरू होते. यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे वेळेत वेगळं होणं. वसाहत १२०-१५० माणसांवर गेली की तरुणांना जबाबदारीचं काम उरत नाही आणि नात्यागोत्याचे गट पडतात. म्हणून आधीच नवी जमीन घेऊन ठेवतात, घरं बांधतात, कुटुंबांच्या दोन याद्या करतात. कोणती यादी जाणार हे पुष्कळदा अगदी शेवटी, चिठ्ठी टाकून ठरतं. त्यामुळे जुन्या घरांची डागडुजी टाळणं किंवा नव्यात चांगली खोली आपल्यासाठी राखणं कुणाच्याच फायद्याचं नसतं. पाळकही चिठ्ठीनेच निवडतात. पैशाचे व्यवहार वेगळा माणूस बघतो, शेतीचा कारभारी आणखी वेगळा. जेवण समाईक, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, वयाप्रमाणे. मुलांची पंगत निराळी. ट्रॅक्टर आणि कंप्युटर मात्र अत्याधुनिक. अशा यंत्रांपासून दूर राहणाऱ्या आमिशांशी इथेही गल्लत नको.

याची दुसरी बाजू कडू आहे. वसाहत सोडणाऱ्याला वाटा मिळत नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात पंथ बदलल्यामुळे काढून टाकलेल्या सदस्यांनी मालमत्तेत हिस्सा मागितला, तेव्हा १९७०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. आयुष्यभर राबून माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडतो, हे मला पटत नाही. पण वाटण्या द्यायला लागले असते तर या वसाहती केव्हाच फुटल्या असत्या, हेही दिसतंच.

भारतापुरतं सांगायचं तर १८९९मध्ये, दुष्काळाच्या त्या काळात, अमेरिकी मिशनरी तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या, आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीत आले. त्यांचं रुग्णालय तिथे अजून आहे. पण ते मेनोनाइट होते, तेव्हा समाईक मालमत्ता शोधायला धमतरीला जाऊ नका.